मान डावीकडे

गुरुवार, १८ नोव्हेंबर २००४, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ संगणकाने नोंदवलेली आहे, माझ्या आठवणीतली नाही. म्हणून ती सर्वात आधी सांगते. अशा अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही... पण ती नोंद मला खोडता आलेली नाही.

मी तेव्हा चंदीगडमध्ये फिजिओथेरपीत संशोधन करत होते. विषय – व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट वापरून मानेची हालचाल मोजणे. हेडसेटमध्ये रुग्णाला एक लाल फुगा दिसतो. तो बाजूला सरकत जातो आणि रुग्ण मान वळवत त्याच्यामागे जातो. दुखण्यावरचं लक्ष उडालं की मान अधिक वळते. किती अंश, ते सेन्सर सांगतो. हा सेन्सर लोखंड जवळ आलं की बिथरायचा. म्हणून आमच्या तंत्रज्ञांनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका सुताराकडून बिनखिळ्यांची लाकडी खुर्ची करवून आणली होती.

या तंत्रज्ञांचं आडनाव मान. पंजाबात सर्रास आढळणारं. इतर रुग्णांशी मी हिंदीत बोलत असे, तेव्हा 'गर्दन' म्हणायचे. प्रश्न आला तो साने काकूंच्या वेळी. काका हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, आणि काकू दर रविवारी मराठी मुलांना गाणं शिकवायच्या. पहिल्या तपासणीला मी सवयीने म्हणाले, "काकू, मान डावीकडे."

"जी, मॅडमजी?" काकूंच्या डाव्या खांद्यामागे, स्टुलावर बसलेले मानजी म्हणाले.

काकू हसल्या. "तुम्हाला नाही हो, माझ्या मानेला सांगतेय ती."

त्यानंतर मी 'मान' म्हटलं की ते मुद्दाम 'जी, मॅडमजी' म्हणत आणि हातातलं बटण दाबत. मोजणी सुरू करून तशी खूण नोंदवायला ते बटण होतं. निघताना काकूंना म्हणाले, "आंटीजी, अगली बार मैं पीछे से आवाज़ दूँगा. फिर देखना, पक्का घूमेगी."

त्या दिवशी डावीकडचा आकडा होता एकतीस. काकूंच्या सर्जनचं म्हणणं स्पष्ट होतं: तीन आठवडे व्यायाम करा, पंचेचाळीसच्या पुढे गेलात तर थांबू, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन गळ्याच्या पुढून होणार होतं, आणि त्यात आवाज बसण्याचा धोका होता. काकू एवढंच म्हणाल्या, "मान नाही वळली तरी चालेल गं. आवाज गेला तर रविवारी काय करू?"

दिवाळीच्या चार दिवस आधी मानजी हृदयविकाराने गेले. काकू तेव्हा लेकीकडे पुण्याला होत्या. त्यांना हे कळलं नव्हतं. अठरा तारखेला त्या आल्या त्याच घाबरलेल्या. मोजणी झाल्यावर सांगू, असं ठरवून मी हेडसेट चढवला. मागचं रिकामं स्टूल काकूंच्या त्या आखडलेल्या मानेला दिसणं शक्यच नव्हतं.

"काकू, मान डावीकडे."

फुगा चाळीस अंशांवर थांबला. काकू थांबल्या नाहीत. फुग्याला मागे टाकून त्यांची मान सावकाश वळत गेली – अठ्ठावन्न अंश – आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, कळलं. वळतेय ना."

मी काहीही ऐकलं नव्हतं.

हेडसेट काढल्यावर त्यांनी विचारलं, "मानसाहेब बाहेर गेले का? आत्ता तर 'जी, मॅडमजी' म्हणाले." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शब्द पाळला त्यांनी."

पुढच्या दोन प्रयत्नांत तेहतीस आणि चौतीस.

अठ्ठावन्नचा खुलासा माझ्याकडे होता: अपेक्षा. सवयीचा आवाज येणार हे मनाने गृहीत धरलं, भीती सुटली, मान वळली. माझ्या प्रबंधाचा पायाच तो होता. पण संध्याकाळी मी फाइल उघडली. मोजणी कीबोर्डवरून सुरू केली तर खुणेच्या रकान्यात १ पडतो, बटणावरून केली तर २. मानजी गेल्यापासून मी कीबोर्डच वापरत होते. बटण वायर गुंडाळून माझ्याच कपाटात कुलपात होतं. अकरा चाळीसच्या ओळीत २ होता. प्रोग्राम तपासला, दुसऱ्या संगणकावर चालवला, नोंद पन्नास वेळा पुन्हा घेतली. प्रत्येक वेळी १.

अशी नोंद पुरावा म्हणून देणं मला मान्य नव्हतं. सर्जनना तिन्ही आकडे दाखवले आणि पहिला ग्राह्य धरू नये, असं लिहून दिलं. ते म्हणाले, "छोड़ो यार मशीन. मेरे सामने हाथ से नापो. पैंतालीस के ऊपर गई, तो ऑपरेशन नहीं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत काकू साध्या खुर्चीवर बसल्या. मी कोनमापक त्यांच्या डोक्यावर धरला. सर्जन पंजाबी, तिथे 'गर्दन' म्हणणंच रीतीचं होतं. तरी मी म्हणाले, "काकू, मान डावीकडे." आणि कुणी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबले.

मला काही ऐकू आलं नाही. काकूंना आलं का, ते मी विचारलं नाही. त्या किंचित हसल्या आणि वळल्या. मी काटा वाचला, पुन्हा वाचला आणि लिहिलं: सत्तेचाळीस.