पाच शिंपल्या आणि शेवटचा हात

ठाण्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा मी विशीत होतो. बिऱ्हाड खाडीकाठी, कोळीवाड्याला लागून. दुपारी भरती आली की पाण्यावरचा उजेड आढ्यावर हलत राही आणि मी गणिताचं पुस्तक छातीवर ठेवून तो बघत पडलेला असे. पुस्तकात संभवाचा एक अध्याय होता. जे अजून घडलेलंच नाही तेही मोजता येतं, याची मला भूल पडली होती.

शेजारी एक कोळीण राहायची. नवरा गेल्यापासून होडी तीच चालवी. खाडीत जाळी लावायच्या पाच जागा. त्यातली एकच खोल पाण्याची. दरवर्षी पाच होडीवाल्यांसाठी मडक्यात पाच शिंपल्या टाकत, एकीला आतून शेंदूर. ती ज्याच्या हाती लागेल त्याची खोल जागा. बाई म्हणून हिचा हात शेवटचा. तीन वर्षं शेंदूर आला नव्हता.

"मास्तर, चौघं उचलून जातात, मंग मना काय उरल?" एकदा तिने विचारलं.

मी अंगणात शिंपल्या मांडल्या. "मावशी, पहिल्याला पाचात एक. तुमच्यापर्यंत शेंदूर यायला आधीचे चौघे रिकामे जायला हवेत. पहिला रिकामा जाण्याचा संभव पाचात चार. तो गेला तर दुसऱ्याचा चारात तीन, मग तीनात दोन, मग दोनात एक. गुणून बघा, पाचात एकच येतो."

"आन तीन वर्सं नाय गावलं त्याचा काय? यंदा तरी देव बघल ना?"

"दरसाल पाचही शिंपल्या नव्याने पडतात. त्यांना मागचं साल ठाऊक नसतं."

तिला पटेना. आठ दिवस दुपारी आम्ही शिंपल्या उचलत बसलो, शेंदूर कितव्या हाताला आला त्याची भिंतीवर कोळशाने रेघ ओढत. पाचही रांगा जवळजवळ सारख्या वाढल्या, तेव्हा तिने कोळसा खाली ठेवला.

शिंपल्या काढल्या त्या सकाळी मी देवळापाशी उभा होतो. पहिला रिकामा. दुसरा. तिसरा. आता दोनात एक. ऊन, माणसं, खाडी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. चौथा हात एका म्हाताऱ्याचा, त्याने तो मडक्यातून बाहेर काढला. शिंपलीत शेंदूर होता.

ती मडकं धरून बसलेल्या कोळीवाड्याच्या पाटलाकडे वळली. "पुढल्या वर्सी पयला हात माजा."

"अगं, मास्तर तर सांगतो सगळे हात सारखेच."

"सारखेच हायेत तं मना पयला देयाला तुमचा काय जातं?"

सगळे हसले, आणि तिला पहिला हात मिळाला.

पुढच्या वर्षी तो रिकामा निघाला. मग माझी कल्याणला बदली झाली. तिथे एके दिवशी त्याच कोळीवाड्यातली ओळखीची मासळीवाली शाळेच्या दाराशी थांबली. म्हणाली, आता हात फिरते ठेवतात, दरसाल प्रत्येकाचा क्रम बदलतो. यंदा मावशीचा तिसरा होता, आणि शेंदूर आला.

मी वर्गात परतलो, खडू उचलला. फळ्यावर पाच शिंपल्या काढल्या आणि तिसरी आतून भरून टाकली.