वाऱ्यासाठी ठेवलेली जागा

दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. आचोळ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी वीज दुपारी जायची आणि तिच्या मर्जीने परत यायची. मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते. बाहेरच्या विजेवाचून सुखाने राहता येईल अशी इमारत बांधायचा मला ध्यास होता. जूचंद्रच्या एका बिल्डरने चक्क होकार दिला. 'स्वतःची वीज, स्वतःचा वारा' हे त्याला जाहिरातीत छापायला फार आवडलं. तसं बांधायचंही असतं, एवढा तपशील राहून गेला.

मी पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवल्या, रुंद छज्जे काढले, गच्चीवर सौर पॅनेलं दाखवली आणि खाडीवरचा वारा खेळावा म्हणून मधोमध मोकळा चौक ठेवला. बिल्डरने नकाशावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही जागा कोनाला इकायची?"

"ती विकायची नाही. वाऱ्यासाठी आहे."

"वारा मेन्टेनन्स भरनार का?"

चौकात दर मजल्याला एक जास्तीचा फ्लॅट निघाला. छज्ज्यांना भिंती लागून त्यांच्या बेडरूम झाल्या. पश्चिमेला निळी काच बसली, कारण अंधेरीच्या ऑफिसांना असते. पॅनेल एकच आलं, त्यावर गेटवरची नावाची पाटी उजळायची. इमारत नाही, निदान पाटी तरी स्वयंपूर्ण झाली.

सवलतीत मिळतोय म्हणून नवऱ्याने तिथेच फ्लॅट घेतला. पहिल्याच मे महिन्यात दुपारी वीज गेली, काच तापली आणि शेजारच्या काकू चटई घेऊन खाली पार्किंगमध्ये गेल्या. तेवढी एकच जागा माझ्या नकाशाप्रमाणे चारी बाजूंनी उघडी राहिली होती. आठवड्याभरात सगळी इमारत तिथे उतरली. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी घोरत होतं.

"वरचे मजले कुणी काढले कोण जाणे," काकू मला म्हणाल्या, "पण खालचं ज्याने काढलं त्याला डोकं होतं."

मी त्यांच्या तांदळातले खडे वेचत राहिले.

बिल्डर एकदा गिऱ्हाईक घेऊन आला. वाऱ्यात जरा उभा राहिला, शर्टाचं बटण सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "गावात माजा बंगला काढतोय. तुमचा तो पयला नकाशा हाय ना अजून?"

त्याचा बंगला मात्र मी काढला तस्साच बांधला गेला. भर उन्हाळ्यात पंखा लावत नाही, असं तो कौतुकाने सगळ्यांना सांगतो. आमच्या सोसायटीने ठराव करून पार्किंग मोकळं ठेवलं आणि गाड्या रस्त्यावर लावल्या.