तुरटीचं पाणी

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू वाढवणं हे माझं काम. तापवलेल्या रक्ताच्या तपकिरी थाळीवर नमुना पसरायचा, थाळी बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं; ती विझेपर्यंत आतली हवा या जंतूंना मानवेल अशी होते. पुरुषांचे जंतू बहुधा वाढत. बायकांचे मात्र त्रास देत. ते गर्भाशयाच्या तोंडाशी असतात, लघवीच्या वाटेत असतात, गुदद्वारातही असतात, आणि बाईला पत्ताच नसतो. म्हणून डॉक्टरबाई तिन्ही ठिकाणचे नमुने मागत. कोणत्या अन्नावाचून जंतू अडतो ते पाहून त्याचा प्रकार ठरवायचा. पण त्यासाठी आधी तो वाढायला हवा ना!

माण तालुक्यातली एक तरुण बाई सासूबरोबर आली. नवरा मुंबईच्या गिरणीत. तो जत्रेला येऊन गेल्यापासून हिचं ओटीपोट दुखत होतं. दोन नमुने मिळाले. तिसऱ्याच्या वेळी सासू आडवी आली. "आवं, पोट दुखतंय तिचं. तितं काय बगताय?"

थाळ्या कोऱ्या निघाल्या. निकाल घ्यायला आल्यावर सासू मला अभिमानानं म्हणाली, "तुरटीच्या पान्यानं धुऊन आणली व्हती. आमी तसंच कुणाम्होरं जात न्हाई." तुरटीनं जंतूच मरतात, थाळीवर वाढणार काय! मी आत जाऊन सांगितलं. बाळंतपणाच्या खोलीतून डॉक्टरबाई ओरडल्या, "परत बोलव! न धुता यायचं म्हणून स्पष्ट सांग."

मी व्हरांड्यात आलो. ते वाक्य परक्या बाईपुढं माझ्या तोंडून निघेना. "सोमवारी या," एवढंच म्हणालो.

सोमवारी सून आणखी स्वच्छ होऊन आली. दोन दिवसांनी दोघी निकालाला आल्या, तर थाळ्या पुन्हा कोऱ्या. "सांगितलं होतंस ना?" बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो. संशयावरूनच इंजेक्शन द्यायचं त्यांनी ठरवलं, तर सासू उसळली. "रोग न्हाई म्हंताय, मग सुई कशाला? पोर व्हायचं हाय अजून तिला."

सासू चपला घालत होती तेव्हा सून माझ्यापाशी आली. "दादा, मग दुखतंय कशानं?"

"बाईंना विचारा."

"त्यास्नी इचारलं. आता तुमास्नी इचारतीया."

मी बरणी उचलली आणि नळाकडे गेलो.