‘आण इकडे’ सरांची परीक्षा

आमच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरांना विद्यार्थी पाठीमागे ‘आण इकडे सर’ म्हणायचे. कोणी सुई धरून जरा घुटमळलं, की यांचे हात शिवशिवलेच. “आण इकडे!” म्हणायचं आणि काम उरकून मोकळं व्हायचं. विद्यार्थ्याने नुसतं बघत बसायचं.

आणि या माणसाला शिकवण्याची फेलोशिप करायची होती! रेसिडेन्सीची तीन वर्षं संपली, बरोबरीच्यांनी दवाखान्याच्या पाट्या रंगवायला टाकल्या, आणि हे म्हणतात, डॉक्टरांना शिकवायचं कसं, ते आणखी वर्षभर शिकणार. त्यांच्या आईचा मला फोन. “सिस्टर, तुम्ही वॉर्डच्या इनचार्ज, तुमचं तरी ऐकेल. अजून किती शिकायचं हो?”

मी म्हटलं, “ताई, काळजी सोडा. त्यांची निवडच व्हायची नाही.”

जागा एकच, उमेदवार अकरा. समितीसमोर पंधरा मिनिटांत एका नवख्या विद्यार्थिनीला रक्त काढायला शिकवायचं, तेही खऱ्या माणसाच्या हातावर. हात कोणाचा? माझा! माझ्या शिरा म्हणजे लपंडावात पटाईत. पण “सिस्टर, एवढं करा ना,” म्हणत चार दिवस मागे लागले, आणि मी फसले.

पोरीने पट्टा बांधला, सुई घातली आणि हुकली. मी दात आवळले. डॉक्टरांचा हात निम्म्यापर्यंत आला. म्हटलं, गेलं बाई सगळं! पण हात थांबला. मग दोन्ही हात त्यांनी ॲप्रनच्या खिशात कोंबले. कपाळावर घाम, पण आवाज शांत. “बोटाला काय लागतंय? घाई नाही.” ती चाचपत राहिली. चौदाव्या मिनिटाला सिरिंजमध्ये रक्त आलं. शिकवण्यासाठी त्यांनी रात्र-रात्र जागून केलेले तक्ते उलगडायचेच राहिले.

समितीच्या बाईंनी विचारलं, “पहिल्यांदा हुकलं तेव्हाच सुई का घेतली नाहीत?”

“घेणारच होतो. रोज घेतोच,” डॉक्टर म्हणाले. “पण पहिल्या वर्षी माझ्या हातून अशीच काढून घेतली होती, सगळ्या वॉर्डासमोर. पुढे सहा महिने रक्त काढायचं म्हटलं की मी पळ काढायचो. आज हिचा चेहरा बघितला आणि ते आठवलं.”

“कोणी घेतली होती?”

“आता आठवत नाही.”

मला मात्र लख्ख आठवत होतं. “सरका, तुमच्याने व्हायचं नाही,” असं म्हणणारी मीच होते. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते इतकं लागलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

जागा त्यांनाच मिळाली, ते आठवड्याने कळलं. मला मात्र त्या दिवशी परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडता पडताच राहवेना. “डॉक्टर, ती मीच. चुकलं माझं.”

त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं. “सिस्टर, आधी कापूस दाबून धरा. रक्त येतंय.”