अनीसभाईंची शनिवारची चाचणी

फोन आला तेव्हा मी नव्या बॅचचं वेळापत्रक भिंतीवर लावत होते. "ताई, हे गेले..." अनीसभाईंची पत्नी एवढंच बोलू शकली. कर्वेनगरात आमचा दोघांचा भागीदारीतला कॉम्प्युटर क्लास. एका खोलीत मी विंडोज शिकवायचे, पलीकडच्या खोलीत ते लिनक्स. माझी खोली टापटीप, नोट्स छापील, तास वेळेवर. त्यांच्याकडे सगळा पसारा. तरी वर्ग सुटल्यावर मुलं रेंगाळायची ती त्यांच्याच खोलीत. भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं की मी... दार लावून घ्यायचे.

दर शनिवारी ते चाचणी ठेवत. एकसारखी दोन जुनी मशीन. एकावर माझी सिस्टिम विंडोज, दुसऱ्यावर त्यांची लिनक्स. कोणतं आधी सुरू होतं, मोठी फाइल कुठे लवकर उघडते, मेमरी कोण जास्त खातं, सगळं मुलांनी फळ्यावर मांडायचं. सुरू होण्यात बहुधा त्यांचंच पुढे. "ताई, तुमची सिस्टिम खानदानी, सावकाश उठते." "उठल्यावर कामाला तरी लागते," मी म्हणायचे. मुलं हसायची, पण बघायची त्यांच्याकडे. एखाद्या शनिवारी मी जिंकले की टाळ्या सगळ्यात आधी तेच वाजवायचे. तेही मला सोसत नसे.

ते गेल्यावर मी ठरवलं, दोन्ही खोल्यांत एकच सिस्टिम, देखभाल सोपी. लिनक्स पुसून विंडोज टाकायला पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्यांचे विद्यार्थी बसलेले. त्यांतली प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, पुसण्याआधी एक चाचणी घेऊ. सरांचं हरलं तर खुशाल पुसा." मी कबूल झाले. तशी ती माझ्याच मशीनपाशी बसली आणि आपोआप चालू होणारे नको ते प्रोग्रॅम एकेक करून बंद करू लागली.

"त्याला कशाला हात लावतेस?"

"सर लावायचे. तुम्ही चहा आणायला गेलात की. म्हणायचे, ताईंच्या मशीनवर ओझं ठेवून जिंकलो, तर ती कसली चाचणी?"

सुरू आधी त्यांचं झालं, फाइल आधी माझ्याकडे उघडली. बरोबरी. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात... मला त्या क्षणी वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. माझ्या एकाही विद्यार्थ्याने त्यांच्या मशीनसाठी हे केलं नसतं. मी ते शिकवलंच नव्हतं.

पेन ड्राइव्ह पर्समध्ये परत गेला. शनिवारची चाचणी आता मी घेते. चहा आणायलाही मीच जाते, आणि परत यायला जरा वेळ लावते.