पाठीमागून मारलेली हाक

“मॅडम, बहिरा नाय तो. मी हाक मारली की धावत येतो,” इम्रान व्हिडिओ कॉलवर म्हणाला. तो कतारला, दोह्यात नोकरीला. त्याचा मुलगा अयान महाडला माझ्या क्लिनिकमध्ये जमिनीवर बसून प्लॅस्टिकचे कप एकात एक घालत होता. वय दोन वर्षं सात महिने. येणारे शब्द तीन : मम्मा, पप्पा, बाय.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कानाला किती ऐकू येतं ते मोजते. हे तिन्ही शब्द समोरच्याच्या ओठांवर दिसतात, न ऐकताही उचलता येतात. तिथेच मला शंका आली. मग अयानला स्पीकरच्या खोलीत बसवून आवाज दिले. सत्तर डेसिबलला त्याने मान वळवली. साठला नाही. आपलं समोरासमोरचं साधं बोलणं साठच्या आसपास असतं.

एवढ्या लहान मुलात मान वळण्यावरून काढलेला आकडा पक्का नसतो. पक्क्या तपासणीला बेरा म्हणतात. मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवून ती करतात. त्यासाठी मुंबईला जायला हवं होतं. अयानची आई नसीमा तयार होती. सोबत आलेल्या तिच्या सासूबाई मात्र तयार नव्हत्या.

“याचा बाप चार वर्षांचा होईस्तवर बोलला नाय,” त्या म्हणाल्या. “आता गप बसतो काय बघा! तू उगाच घाबरतेस गो.”

“ईदला मी येतोय. तवा बघू,” इम्रान म्हणाला.

ईदला पाच महिने होते. बोलणं शिकण्याच्या वयातले पाच महिने.

मी नसीमाला म्हटलं, “फोन पालथा घाला. अयानच्या मागे, टेबलावर.” आणि इम्रानला म्हटलं, “आता मारा हाक. रोजच्यासारखी.”

“अयान! अयान बेटा!”

कपात कप गेला.

“अयान, पप्पा बोलतोय!”

दुसरा कप. सासूबाई पुढे वाकल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

“वळला काय?” इम्रानने विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

“नेटवर्क गेला असंल.”

“नेटवर्क आहे. मला तुमचं सगळं ऐकू येतंय.”

“परत मारतो.” त्याने आणखी चार वेळा हाक मारली. शेवटची हाक मारताना त्याचा आवाज चिरकला. नसीमाला राहवलं नाही. तिने फोन उचलून अयानच्या समोर धरला. उजळलेला स्क्रीन दिसताच तो हसला. “पप्पा!”

ही काही शास्त्रीय तपासणी नव्हे. पण घरात आजवर काय चाललं होतं ते सगळ्यांना कळलं. मूल हाकेला येत नव्हतं, उजेडाला येत होतं.

मग मला अयानचा जुना केसपेपर काढावा लागला. नसीमा आठ महिन्यांपूर्वीही त्याला घेऊन येऊन गेली होती. “हाकेला वळतो का?” असं मी विचारलं होतं. “पप्पाच्या फोनला लगेच वळतो,” असं ती म्हणाली होती. मी त्या रकान्यात ‘हो’ लिहिलं, घरात भरपूर बोला म्हणून सांगितलं आणि तपासणीचं मशीन सुरूही न करता त्यांना घरी, दासगावला परत पाठवलं. हे मी इम्रानला जसंच्या तसं सांगितलं.

“म्हंजे आठ महिने गेले त्याचे?”

“हो. चूक माझी.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर कागदावर नेली.

“मुंबईला कधी जायचं?” इम्रानने विचारलं.

बाराव्या दिवशी बेरा झाली. दोन्ही कानांत दोष निघाला, आकडे माझ्या आकड्यांच्या जवळचेच. महिनाभरात दोन्ही कानांना ऐकण्याची मशीन लागली. पहिल्या दिवशी अयानने ती चार वेळा काढून फेकली, एकदा सासूबाईंच्या चहात. दर आठवड्याला तो माझ्याकडे बोलण्याच्या सरावाला येऊ लागला. इम्रान ईदला आला तेव्हा अयानला येणारे, नसीमाने वहीत लिहिलेले शब्द एकतीस झाले होते. त्याच्या वयाची मुलं वाक्यं बोलत होती. ते अंतर अजून आहे, कमी होतंय.

‘हाकेला वळतो का?’ हा प्रश्न मी पालकांना आजही विचारते. उत्तर लिहूनही घेते, पण पेन्सिलीने. मशीनवर आकडा आला की मगच पेन उचलते.