बारीक मोळ्या

सांगावा आला तव्हा मी राणीसावरगावला शेतात खळं सारवायलते. परभणीहून भाचा आला अन् बांधावरच उभा राह्यला. त्याचं तोंड बघितलं अन् शेणाचे हात तसेच राह्यले... माजा धाकटा भाऊ रंगनाथ गेला व्हता. खुर्चीत बसल्या बसल्या. आता दीड महिना झाला. मला लिव्हता येत न्हाई, म्हून मी सांगायलीय अन् त्याची लेक लिव्हायलीय. रडले न्हाई मी. पर राग जाईना.

आमी ऊसतोडीवाले. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन निघायचे, संगं आमी दोघं. रंगू पाचटावर बसून शिकला. एका साली मुकादमाच्या डोक्यात काय आलं, त्यानं मोळ्या मोजायला घेतल्या. ज्याच्या मोळ्या जास्त, त्यो कोयता, म्हंजी ती तोडणाऱ्यांची जोडी, भारी. झालं, समद्या फडाच्या मोळ्या मनगटाएवढ्या बारीक झाल्या. मोळ्या ढीगभर, अन् गाडी भरंना. बाप मातर कवळाभर मोळी बांधायचा अन् मुकादमाच्या शिव्या खायचा.

रंगू शेतकी कॉलेजात नोकरीला लागला. त्याचा जीव एकाच कामात, खोडमाशी लागणार न्हाई अशी रब्बीची ज्वारी काढायची. कडबाबी व्हावा, भाकरबी गोड लागावी. ज्वारी सालातून एकदाच येती. कव्हा पाऊस दगा देतो, कव्हा पाखरं. नामांतरावरून बंद असायचे, एस्टी जागेवर उभ्या, तरी ह्यो सायकलीवर वावरात हजर.

बढतीच्या वक्ताला साहेबानं इचारलं, पेपर किती? मला सांगितलं तव्हा मी म्हणलं, "तू तर समदे पेपर पास झालास की. राह्यला कोणता?"

लय हसला. "परीक्षेचे न्हाई, आक्का. केलेलं काम छापून आणायचं, त्याला पेपर म्हणतेत. ते मोजतेत." त्याच्या संगतीचा एकजण एकाच कामाचे तुकडे करून चार जागी छापायचा. "मुकादम तिथंबी हाय," रंगू म्हणला. "मोळ्या मोजायलाय."

"मग तूबी बारीक बांध की."

त्याचं हसू गेलं. "माशी खरंच लागत न्हाई का, मलाच अजून पक्कं कळलं न्हाई. आधी छापलं अन् लोकांनी पेरलं तर, आक्का?"

बढती त्या चार जागी छापणाऱ्याला गेली. वर रंगूचा ज्वारीचा तुकडाबी त्यालाच दिला. त्यानं नांगर फिरवून तिथं दुसरंच पेरलं. एवढ्या वर्साचं काम मातीत! राखलेली कणसं पिशवीत घालून रंगू माज्याकडं आला. "तुज्या वावरात पेर. काढणीला मी येतो."

हस्त नक्षत्रात पेरली. शेजारच्या वावराला माशी लागली, हिला न्हाई लागली. ते खळं हिच्यासाठीच सारवायलते मी...

कॉलेजात शोकसभा झाली. त्योच साहेब उभा राह्यला अन् म्हणला, "पेपर थोडे होते, पण माणूस सज्जन." मेलेल्या माणसाच्याबी मोळ्या मोजल्या. सज्जन म्हणं. जित्यापणी त्याच्या वावरात एकदा तरी पाय ठिवायचा व्हता.

रंगू आला की आधी एक दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला की म्हणायचा, "आता मळ." ह्या येळेला मीच धरला. वाजला.

काल शेजारीण बी मागायला आली. ज्वारीचं नाव इचारलं. कॉलेजानं नाव दिलंच न्हाई. म्हणलं, रंगनाथाची.

"मापटं आणू का?"

"ऱ्हाऊ दे," म्हणलं. "पदर पसर."